चेंडूकडे पाहू नये

बास्केटबॉलच्या मैदानावर एका वेळी बारा माणसं धावत असतात. त्यांतल्या दहा जणांना चेंडू हवा असतो. कट्ट्यावर बसलेल्या शे-दीडशे लोकांचे डोळे चेंडूवर असतात. प्रशिक्षकांचे, राखीव खेळाडूंचे, भेळवाल्याचे, इतकंच काय, प्रायोजकांच्या फ्लेक्सवरून हात जोडून हसणाऱ्या नगरसेवकांचेही डोळे चेंडूवरच आहेत असं वाटतं. आणि एवढ्या गर्दीत ज्या दोघांना न्यायनिवाडा करायला मानधन देऊन बोलावलंय, त्यांच्यापैकी एकाने चेंडूकडे पाहायचं नाही असा दंडक आहे.

हे पहिल्यांदा ऐकताना नव्या पंचाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. शाळेत पी.टी.च्या सरांनी "बॉलवर नजर ठेव" म्हणून ज्याच्या पाठीत धपाटे घातलेले असतात, त्याला आता दुसरे सर सांगत असतात, "बॉलवरची नजर काढ." धपाटा तोच, फक्त दिशा बदललेली.

मी स्वतः पंच नाही. मी टेबलावर बसतो, म्हणजे स्कोअरर आहे. नियमपुस्तकाप्रमाणे टेबलावर चार जण हवेत: स्कोअरर, त्याचा मदतनीस, टायमर आणि २४ सेकंदांचं घड्याळ सांभाळणारा. आमच्या उन्हाळी स्पर्धांत हे चौघं मिळून दोन जण असतात आणि त्यांतला एक मधूनमधून माइकवरून हरवलेल्या दुचाकीच्या किल्लीची घोषणा करतो. तरीही मैदानातली सगळ्यात चांगली जागा हीच. प्रेक्षकांना खेळ दिसतो, खेळाडूंना चेंडू दिसतो. आम्हाला पंच दिसतात. त्यांतही नवे पंच, म्हणजे नुकतेच शिबिरातून शिट्टी घेऊन बाहेर पडलेले.

दोन माणसांनी दोन वेगळीकडे पाहायचं, ही कल्पना खेळाइतकीच जुनी आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, हिवाळ्यात व्यायामशाळेत कोंडलेल्या अठरा उपद्व्यापी विद्यार्थ्यांना गुंतवायचं म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. त्या तेरांत एक नियम अंपायरचा होता आणि एक रेफरीचा. अंपायरने माणसांकडे पाहायचं आणि फाउल मोजायचे. रेफरीने चेंडूकडे पाहायचं आणि वेळ सांभाळायची. पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ झाला आणि अख्ख्या सामन्यात टोपलीत गेला तो एक चेंडू. म्हणजे चेंडू बघणाऱ्याला काम नव्हतंच. माणसं बघणाऱ्याचं काय झालं असेल, याची मला अठरा हा आकडा वाचूनच कल्पना येते.

आज दोघंही दोन्ही कामं करतात, पण आळीपाळीने. चढाई ज्या बाजूला चाललीय त्या बाजूच्या बास्केटखाली, अंतिम रेषेवर उभा राहतो तो लीड. मागून येतो तो ट्रेल. अर्धं मैदान कागदावर सहा चौकोनांत विभागलेलं असतं. चेंडू कुठल्या चौकोनात आहे त्यावरून ठरतं की त्याच्याकडे कोणी पाहायचं आणि उरलेल्या खेळाडूंच्या कोपरांकडे, गुडघ्यांकडे, जर्सी ओढणाऱ्या बोटांकडे कोणी. बास्केटवर शॉट मारला की उडालेल्या चेंडूकडे ट्रेल पाहतो. लीडने मान वर करायची नाही. त्याने खाली रिबाउंडसाठी चाललेली धक्काबुक्की पाहायची. बास्केट झाली की नाही, हे त्याला लोकांच्या ओरडण्यावरून कळतं. एका तरुण पंचाने मला फार दुःखाने सांगितलं होतं, "काका, फायनलचा शेवटचा शॉट माझ्या डोक्यावरून गेला. मी एका सेंटरच्या ढुंगणाकडे बघत होतो." आणि त्याचं तिथे बघणं बरोबर होतं. ते ढुंगण दुसऱ्याला ढकलत होतं.

आता आपल्याकडे ही वाटणी पचायला जरा जड जाते. दुसऱ्यावर सोपवलेली गोष्ट त्याला सुखाने पाहू न देणं, हा आपल्या माणसाचा गुण की दोष माहीत नाही, पण आहे खरा. पंगतीत दोन वाढपी असले, तर एकाने भात न्यायचा, एकाने वरण, हे ठरलेलं असतं. तरीही भातवाला वाटेत वरणाच्या भांड्यात डोकावून "इकडे कमी पडलंय" म्हणून पळी उचलतो, मग वरणवाला तुपाकडे वळतो, आणि शेवटी एका रांगेला तीनदा वरण मिळतं आणि दुसऱ्या रांगेतले आजोबा कोरड्या भाताकडे पाहत बसतात. नव्या पंचांच्या सामन्यात नेमकं हेच घडतं. चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला की दोघांचे डोळे उजव्या कोपऱ्यात. तिथे एवढा चोख न्याय होतो की बोलायची सोय नाही. डाव्या बाजूला, बास्केटखाली, एक पोरगा पोट धरून बसलेला असतो आणि त्याच्या शेजारी दुसरा आकाशाकडे बघत उभा असतो.

आमच्या शिबिराचे जे मुख्य सर आहेत, त्यांनी हे ओळखून उपाय काढला: चेंडूच काढून घेतला. मे महिन्यात सकाळी साडेसहाला सिमेंटच्या मैदानावर शिकाऊ पंच नुसतेच धावतात. चेंडू नाही, खेळाडू नाहीत. सर ओरडतात, "शॉट!" लीड डोळे खाली लावतो, ट्रेल वर. सर ओरडतात, "टर्नओव्हर!" आणि ट्रेल होता तो धावत दुसऱ्या टोकाला जाऊन लीड होतो, लीड होता तो ट्रेल. मधेच एखादा थांबतो, शिट्टी फुंकतो, मूठ वर करतो आणि रिकाम्या हवेवर गंभीरपणे फाउल देतो. कडेने फिरायला आलेले एक आजोबा बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, "पथनाट्य कुठल्या विषयावर आहे?"

या तुकडीत एक बँकेतला कारकून होता, एक शाळेतले पी.टी. शिक्षक आणि इंजिनीअरिंगला असलेली एक मुलगी, जी स्वतः पॉइंट गार्ड म्हणून खेळलेली होती. तिला सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास झाला. खेळाडूची नजर पुढे काय होणार तिकडे धावते. पंचाने जे होतंय तेच पाहायचं असतं. पास कुठे जाणार हे तिला आधीच कळायचं, आणि ती पासच्या आधी तिथे जाऊन उभी राहायची. सरांनी तिला एवढंच सांगितलं, "तू चांगली खेळतेयस. पण तुला टीममध्ये घेतलेलं नाही."

शिट्टीचं प्रकरण वेगळंच. पूर्वी शिट्टीत बुचाची गोळी असायची. रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या पंचाची ती गोळी १९८४ मध्ये ब्राझीलमधल्या एका सामन्यात ऐन वेळी अडकली. फाउल दिसला, फुंकर मारली, आवाज नाही, आणि प्रेक्षक खवळले. त्याने सूड म्हणून गोळी नसलेली शिट्टी तयार करवून घेतली आणि १९८७ पासून ती जगभर गेली. ती कधी अडकत नाही, हा तिचा गुण आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने दोष. शिट्टी कशी वाजवायची याचीही तालीम असते. एकच, जोरदार, तोडून टाकणारी फुंकर. नव्या पंचाची शिट्टी ऐकूनच त्याची मनःस्थिती कळते. खात्री असली की "टर्रक्!" आणि शंका असली की "फीऽऽऽ" असं वाक्य प्रश्नचिन्हाने संपतं. आमच्या बँकवाल्याने गच्चीवर सराव केला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला आणि डाळ कच्ची राहिली, असं सांगतात. बँकवाला याचा इन्कार करतो. त्याच्या मते शिट्ट्या दोनच होत्या.

सर शिट्टीबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात, आणि माझ्या मते अख्ख्या शिबिरात तीच लाखमोलाची आहे. घाई करू नकोस. हालचाल सुरू होताना पाहा, होताना पाहा, संपताना पाहा, मग फुंक. धक्का लागला, पण बास्केट सहज झाली आणि कोणाचं काही बिघडलं नाही, तर शिट्टी तोंडातच राहू दे. नव्या पंचाला हा मधला अर्धा सेकंद तुरुंगवासासारखा वाटतो. प्रेक्षकांनी तर तेवढ्यात त्याचं कुळ काढलेलं असतं.

प्रेक्षकांवरून आठवलं. आमच्या मैदानावर एक जुने खेळाडू नियमाने येतात आणि पंचांच्या वतीने पावलं मोजतात. "एक! दोन! तीन! अहो ट्रॅव्हल!" २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे फिबाने, धावता धावता चेंडू हातात घेणाऱ्याला आधीचं एक पाऊल मोकळं करून दिलं. ते पाऊल मोजायचंच नाही. त्याच्या पुढची दोन मोजायची. गृहस्थांपर्यंत ही बातमी पोचवण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. ते म्हणतात, "फिबाला काय कळतंय."

दुहेरी शिट्टी हा मात्र आम्हा टेबलवाल्यांचा खास करमणुकीचा विषय. हल्ला करणारा खेळाडू सुसाट आत शिरतो, बचाव करणारा छाती पुढे करून उभा, दोघं आदळतात आणि दोन्ही बाजूंनी एकदम शिट्ट्या वाजतात. इथे शिकवण अशी: दोघांनी मूठ वर करायची आणि थांबायचं. पुढची खूण करायची नाही. आधी जोडीदाराच्या डोळ्यांत पाहायचं. ज्याच्या भागात, ज्याच्या दिशेने खेळ येत होता, त्याने निर्णय घ्यायचा. दुसऱ्याने मूठ निमूटपणे खाली आणायची. एका स्पर्धेतल्या उपांत्य सामन्यात आमच्या दोघा नव्यांनी डोळ्यांत पाहिलं नाही. बँकवाल्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले, म्हणजे ब्लॉकिंग, चूक बचाव करणाऱ्याची. त्याच क्षणी पी.टी. सरांनी तळहातावर मूठ हाणली, म्हणजे चार्जिंग, चूक हल्ला करणाऱ्याची. दोन्ही प्रशिक्षकांनी एकदम टाळ्या वाजवल्या. एवढं एकमत मी त्या मैदानावर पुन्हा पाहिलं नाही. माझं पेन हवेत. मग दोघं पंच मैदानाच्या मधोमध गेले, तोंडावर हात धरला आणि बोलले. वाऱ्याने एकच वाक्य टेबलापर्यंत आलं: "अहो, तो माझ्याच अंगावर येत होता!" "तुमच्या अंगावर नाही, त्या पोराच्या अंगावर येत होता."

त्या सामन्यानंतर सरांनी दोघांना चहाच्या टपरीवर नेलं. मला वाटलं, आता झापणार. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि एक काम दिलं: चहा येईपर्यंत एकमेकांकडे पाहायचं. बोलायचं नाही. टपरीवाल्याने दोनदा विचारलं, काही भांडण झालंय का. तेव्हापासून या दोघांच्या सामन्यात दुहेरी शिट्टी झाली की दोघं आधी एकमेकांकडे अशा काही तीव्र नजरेने पाहतात, की खेळाडूच घाबरून फाउल कबूल करतील.

जोडीदाराने दिलेला निर्णय दुसऱ्या पंचाला फिरवता येत नाही. त्यावर प्रश्न करण्याचाही त्याला अधिकार नाही. हे नियमात लिहिलेलं आहे. नियमात न लिहिलेली अडचण अशी, की ज्या पंचाने निर्णय दिला तो दुसऱ्या टोकाला निघून जातो आणि चिडलेला प्रशिक्षक जवळ उभ्या असलेल्या दुसऱ्याला धरतो. "तुम्हाला तरी दिसलं ना सर? तुम्ही तरी सांगा." हे 'तुम्ही तरी' फार गोड असतं. भल्याभल्यांची मान नकळत हलते. आपण शहाणे, समजूतदार आणि जोडीदार तेवढा आंधळा, असं सूचित करणारं एक मंद हसू चेहऱ्यावर येतं. ज्या पंचाच्या चेहऱ्यावर ते आलं, त्याच्याबरोबर पुढे कोणी जोडीने उभं राहायला मागत नाही. त्या पॉइंट गार्ड मुलीने यावर उत्तर शोधलं होतं. ती प्रशिक्षकाचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "सर, त्यांचा अँगल माझ्यापेक्षा चांगला होता." बस. वर "सर" आहेच, त्यामुळे प्रशिक्षकाला धड रागावताही यायचं नाही.

आता माझ्या दुखऱ्या भागाकडे येतो. फाउल दिल्यावर पंचाने टेबलाच्या दिशेने यायचं, आम्हाला नीट दिसेल अशा जागी थांबायचं आणि तीन गोष्टी क्रमाने सांगायच्या: खेळाडूचा नंबर, फाउलचा प्रकार आणि पुढे काय, फ्री थ्रो की साइडने चेंडू. यातला 'थांबायचं' हा शब्द नव्या पंचांच्या कानांपर्यंत जात नाही. ते धावता धावता बोटं उडवतात. एकापासून पाचपर्यंत एक हात, सहा ते दहा दोन्ही हात. अकरा ते पंधरासाठी उजव्या हाताची मूठ आणि डाव्या हाताची बोटं. ही मूठ जर घाम पुसण्यात गुंतली असेल, तर बारा नंबरचा फाउल दोन नंबरच्या नावावर चढतो. दोन नंबरचं पोर बेंचवर पाणी पीत असतं.

पूर्वी बरं होतं. आंतरराष्ट्रीय सामन्यांत नंबर चार ते पंधरा एवढेच असायचे. आता शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत सगळे चालतात, वर दोन शून्यंही चालतात. सोळाच्या पुढे आधी हात उलटा करून दशक दाखवायचं, मग सुलटा करून एकक. आणि आमच्या पोरांना काय नंबर हवे असतात? दहा, सात, अठरा आणि पंचेचाळीस. बास्केटबॉलच्या संघात अर्धी पोरं क्रिकेटची जर्सी घालून उतरतात. उरलेल्यांत जॉर्डनचा तेवीस आणि करीचा तीस. एका संघात तर सत्त्याहत्तर आणि अठ्ठ्याऐंशी शेजारी शेजारी खेळायचे. त्यांच्यापैकी कोणी फाउल केला की पी.टी. सर टेबलासमोर येऊन दोन्ही हात उलटे धरत, बोटं मोजत, मग सुलटे करत, पुन्हा मोजत, आणि तेवढ्यात ज्याने फाउल केला तो स्वतःच माझ्याजवळ येऊन कानात सांगे, "काका, अठ्ठ्याऐंशी."

टेबल, पंच आणि पंचांचं आपापसातलं बोलणं यांचं एकमेकांशी जुळलं नाही तर काय होतं, हे सर शिबिरात १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकची गोष्ट सांगून समजावतात. अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. अमेरिका ५०–४९ ने पुढे, तीन सेकंद बाकी. सोव्हिएत बेंच टाइम-आउट मागितला होता म्हणून ओरडतंय, टेबलावरचा भोंगा भलत्या वेळी वाजतो, खेळ सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो, तेव्हा घड्याळ नीट लावलेलंच नसतं. अमेरिकन खेळाडू नाचायला लागतात. त्यांना नाच थांबवायला सांगून तेच तीन सेकंद पुन्हा खेळवले जातात, आणि अलेक्झांडर बेलोव्ह बास्केट करून ५१–५० करतो. दोन पंचांपैकी एक ब्राझीलचा, एक बल्गेरियाचा. ब्राझीलच्या रेनातो रिघेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकन संघाने रौप्यपदकं घेतलीच नाहीत. शिकाऊ पंच ही गोष्ट ऐकताना बेलोव्हच्या बास्केटपाशी आ वासतात. मला घाम फुटतो तो आधीच, भोंग्यापाशी. जगाने बेलोव्ह लक्षात ठेवला. मी त्या टेबलावरच्या माणसाचा विचार करतो, त्याला त्या रात्री जेवण गेलं असेल का.

मोठ्या स्पर्धांत आता तीन पंच असतात: लीड, ट्रेल आणि समोरच्या बाजूला सेंटर. आमच्याकडेही एकदा हौशी आयोजकांनी तिघांना बोलावलं. मानधन मात्र दोघांचंच ठरलेलं होतं, त्यामुळे तिघांनी तिघांसारखं काम केलं आणि दोघांसारखं जेवले. डोळ्यांच्या तीन जोड्या असल्या की मैदानात दडायला जागा उरत नाही. ज्या पोरांचा अख्खा बचाव जर्सी ओढण्यावर उभा होता, त्यांचा खेळ त्या दिवशी फारच पडला.

यंदाच्या अंतिम सामन्याला मुख्य पंच म्हणून ती मुलगी होती आणि जोडीला बँकवाला. पंचांचा अधिकार सामन्याच्या वीस मिनिटं आधी मैदानात आल्यापासून सुरू होतो. ते दोघं वेळेवर आले, तेव्हा मैदान झाडणं चालू होतं आणि प्रमुख पाहुणे अजून घरी होते. दोघांनी झाडूवाल्याला वळसा घालून कोपऱ्यात उभं राहून आपलं बोलून घेतलं: कुठून कुठपर्यंत तुझं, कुठून माझं, शेवटच्या मिनिटात टाइम-आउट आला तर कोण टेबलाकडे बघणार. मग सुरुवातीची उंच फेक. बँकवाल्याची उंची बेताची, दोन्ही संघांचे सेंटर खेळाडू त्याच्याहून हातभर उंच, पण फेक मुख्य पंचाने करायची असल्यामुळे तो वाचला. तिने चेंडू सरळ वर, दोघांच्या हातांच्या पलीकडे फेकला आणि तो खाली यायच्या आत बँकवाला दुसऱ्या टोकाच्या अंतिम रेषेकडे निघालेला होता.

चार क्वार्टरमध्ये एकही दुहेरी शिट्टी नाही. नंबर थांबून दाखवले, उलटे-सुलटे नीट. पावलं मोजणारे गृहस्थसुद्धा तिसऱ्या क्वार्टरनंतर घरी गेले, त्यांना करमेना. शेवटच्या शॉटला चेंडू रिंगवर नाचत होता, सगळं मैदान उभं होतं आणि बँकवाला मान खाली घालून तीन पोरांच्या कोपरांकडे पाहत होता. बास्केट झाली. तो तिकडे वळला तेव्हा लोक मैदानात घुसले होते.

बक्षीस समारंभात आयोजकांनी मंडपवाल्याचे, साउंडवाल्याचे, पाण्याचे टँकर देणाऱ्या भाऊंचे, चहा पुरवणाऱ्यांचे आणि ऐनवेळी येऊ न शकलेल्या दोन मान्यवरांचे आभार मानले. पंचांचं नाव यादीत नव्हतं. ते दोघं तिथे नव्हतेच. मंडपामागे दुसऱ्या क्वार्टरमधल्या एका रिबाउंडवरून त्यांची चर्चा रंगली होती. मी स्कोअरशीट घेऊन मागे गेलो. मुख्य पंचाची सही झाली की पंचांचा त्या सामन्याशी संबंध संपतो, असा नियम आहे. तिने न वाचता सही केली नाही. फाउल मोजले, गुण मोजले, अठ्ठ्याऐंशीच्या नावापुढचे चार फाउल पुन्हा मोजले आणि मग सही केली. बोलता बोलता माझं पेन पर्समध्ये टाकलं आणि "तो ढकलतच होता रे" असं म्हणत दोघं पार्किंगकडे गेले.